साडेतीन वाव पाणी

पाणबुडी हा माझा प्रांत नव्हे, हे आधीच कबूल करतो. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस, कविता लिहितो. समुद्राविषयीच्या भाषणमालेसाठी नभोवाणी केंद्रावरून बोलावणं आलं, तेव्हा हा गृहस्थ भरती-ओहोटीवरच्या चार कविता वाचेल आणि चहा पिऊन जाईल, अशीच त्यांची अपेक्षा असावी. माझीही तयारी तेवढीच होती. पण त्यांनी विषय विचारला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पाणबुडीतून किनारा मोजायला जाणाऱ्या माणसांवर बोलू का?" पलीकडे क्षणभर शांतता. मग आवाज आला, "बोला की!"

या खुळाचं मूळ आमच्या घरातच आहे. माझे मामू मचव्यावर तांडेल होते. रत्नागिरी जिल्ह्यातलं खाडीकाठचं गाव, आणि मालाचे मचवे अजून शिडावर चालत होते तो काळ. मंगळुरी कौलं भरून आणायची, इथून मिळेल तो माल न्यायचा. पावसाळा संपला की पहिल्या फेरीआधी मामू लहान होडी घेऊन खाडीच्या मुखाशी जायचे. बरोबर शिशाचा गोळा बांधलेली दोरी. दोरीला वावेवावेवर गाठी. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंतचं अंतर, साधारण सहा फूट. गोळ्याच्या बुडाला चरबी फासलेली असे. गोळा तळाला टेकला की चरबीला वाळू चिकटली की चिखल, ते बघायचं. मी होडीत बसून मामू सांगतील ते आकडे शाळेच्या वहीत लिहायचो. पावसाळ्यात खाडी वाळू आणते, समुद्र ती परत ढकलतो आणि मुखाशी वाळूचा बांध कुठे पडेल ते दर साली नवं असतं.

एका वर्षी मामू तापाने पडले होते. मोजणी राहिली. गेल्या वर्षीच्या वहीवर भरवसा ठेवून मचवा आत घेतला आणि तो बांधावर टेकला. लाटेने आडवा झाला. माणसं पोहून बाहेर आली, कौलं गेली. मामू नंतर एवढंच म्हणत, "गेल्या सालचं पाणी यंदा नसतं रे."

हीच गोष्ट पुढे मला युद्धाच्या इतिहासात भेटली, हजारपट मोठी होऊन.

२० नोव्हेंबर १९४३. पॅसिफिक महासागरातली तारावा ही बेटांची माळ. तिच्यातलं बेटिओ नावाचं जेमतेम सव्वातीन किलोमीटर लांबीचं बेट जपान्यांच्या ताब्यात होतं. अमेरिकेचे मरीन सैनिक त्यावर उतरणार होते. बेटाभोवती प्रवाळाचा कट्टा आहे. सैनिकांना नेणाऱ्या नावांना कट्ट्यावर साडेतीन-चार फूट पाणी हवं होतं. त्या सकाळी तिथे तीन फूटही धड नव्हतं. पट्ट्यांवर चालणारी काही वाहनं कट्टा ओलांडून गेली. बाकीच्या नावा कट्ट्यावर बसल्या. सैनिक पाण्यात उतरले, बंदुका डोक्यावर धरून पाचशे यार्ड आणि त्याहून जास्त अंतर चालत निघाले, समोरून मशीनगन चालू. शहात्तर तासांत अमेरिकेचे सुमारे एक हजार लोक मेले. बेटावरचे जपानी तर जवळपास सगळेच.

आता गंमत अशी, आणि तिला गंमत म्हणताना जीभ अडखळते, की हल्ल्याच्या दोन महिने आधी अमेरिकेची 'नॉटिलस' ही पाणबुडी त्या बेटाभोवती फिरून गेली होती. पेरिस्कोपला कॅमेरा लावून तिने किनाऱ्याचे फोटो घेतले होते. फोटोंत तोफा दिसल्या, झाडं दिसली, धक्का दिसला. कट्ट्यावर किती पाणी आहे ते फोटोत दिसत नाही. त्या बेटांवर कित्येक वर्षं राहिलेले हॉलंड नावाचे एक मेजर सांगत होते की पाणी तीन फुटांच्या वर मिळणार नाही. सेनापतींना धोका कळला होता, तरी जुगार खेळला गेला. पुढे १९८७ मध्ये डोनाल्ड ओल्सन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञांनी त्या दिवसाचं गणित मांडलं. चंद्र अर्धा होता, आणि त्यातच पृथ्वीपासून फार लांबच्या जागी होता. त्यामुळे भरती आलीच नाही म्हणावी इतकी लहान आली. आमच्याकडे कोळी याला भांग म्हणतात. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग. कोळी तिथी मोजतो, मामू चांद मोजायचे. दोघांचा हिशेब एकाच पाण्यावर येऊन मिळायचा. हा हिशेब आमच्या गावात पोरासोरांना येतो. पण त्यालाही त्या त्या जागेची मोजणी जोडावी लागते, ती कुणीतरी तिथे जाऊन करावी लागते. शत्रूच्या बंदुकीखालच्या पाण्यात होडी घेऊन कोण जाणार?

तारावानंतर अमेरिकी आरमाराने पोहून मोजणी करणारी पथकं घाईने उभी केली. इंग्रजांकडे अशी पथकं त्याआधीच होती. १९४३ सालच्या शेवटच्या रात्री लोगन स्कॉट-बाउडन आणि ब्रूस ऑग्डन-स्मिथ हे दोन इंग्रज नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर पोहत गेले आणि जर्मनांच्या पहाऱ्यात वाळूत पडून गिरमिटाने तळची माती काढून आले. वाळूखाली कुजकी, मऊ माती असेल तर रणगाडे रुततील, म्हणून. त्याच दोघांना जानेवारी १९४४ मध्ये 'एक्स-२०' या बुटक्या पाणबुडीतून पुन्हा पाठवलं. दिवसा पेरिस्कोपमधून किनारा बघायचा, रात्री पोहत जाऊन तपासायचा. आत पाच माणसं, उभं राहायला जागा नाही. मातीचे नमुने ओले होऊ नयेत म्हणून कुटुंबनियोजनाच्या रबरी पिशव्या वापरल्या होत्या, हे वाचून मी मोठ्याने हसलो आणि बायकोने काय झालं म्हणून विचारलं.

प्रत्येक वेळी हसायला मात्र मिळत नाही. ऑगस्ट १९४४ मध्ये अमेरिकेची 'बरफिश' ही पाणबुडी याप बेटांपाशी गेली. रात्री रबरी होडीतून पोहणारे पाच जण निघाले. तिघे परत आले नाहीत. पाणबुडी त्यांची वाट बघत घोटाळली, शेवटी तिला निघावं लागलं. ते तिघे जपान्यांच्या हाती सापडले होते.

इथून माझा खरा विषय सुरू होतो. युद्ध संपलं तेव्हा अमेरिकेकडे पाणबुड्या उदंड होत्या आणि बुडवायला जहाजं उरली नव्हती. काही भंगारात गेल्या, काही मित्रदेशांना दिल्या, काहींची रूपं बदलली. 'पर्च' आणि 'सी लायन' या दोघींना १९४८ मध्ये माणसं वाहण्याचं काम मिळालं. 'पर्च' सुमारे पंचाण्णव मीटर लांब. तिच्या टॉर्पेडोच्या नळ्या काढल्या, चार इंजिनांपैकी दोन काढली आणि त्या जागी शंभराच्या वर सैनिकांसाठी एकावर एक झोपण्याच्या फळ्या ठोकल्या. पाठीवर पोलादी पिंपासारखी एक मोठी कोठी बसवली, तिच्यात रबरी होड्या आणि उतरण्याचं सामान. या कोठीमुळे खलाशी तिला 'पोटुशी पर्च' म्हणायचे. आमच्या बाजारातली कोळीण असती तर 'गाबोळीची मासळी' म्हणाली असती आणि दोन रुपये जास्त मागितले असते.

लढाई करणारी पाणबुडी आणि ही पाणबुडी यांत फरक काय, हे नीट पाहण्यासारखं आहे. टॉर्पेडो टाकणारी पाणबुडी काम झालं की पळते. हिला पळता येत नाही. हिची माणसं किनाऱ्यावर गेलेली असतात. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, उथळ पाण्यात तिला परत यावं लागतं. आणि उथळ पाणी हे पाणबुडीचं मरण. खाली दडायला खोली नाही, वरून विमानाला सावली दिसते.

'पर्च'ची परीक्षा लवकर झाली. १९५० मध्ये कोरियाचं युद्ध पेटलं. ब्रिटिश मरीनांची एक्केचाळीसावी कमांडो तुकडी लेफ्टनंट कर्नल डग्लस ड्रायस्डेल यांच्या हाताखाली जपानमध्ये आली. साध्या प्रवाशांसारखे साधे कपडे घालून विमानाने आणलेले लोक होते ते. जपानच्या किनाऱ्यावर काही आठवडे त्यांनी 'पर्च'बरोबर सराव केला: अंधारात कोठीतून होड्या काढणं, फुगवणं, उतरणं, परत येणं. सप्टेंबरच्या शेवटी सदुसष्ट जण घेऊन पाणबुडी उत्तर कोरियाच्या ईशान्य किनाऱ्याकडे निघाली. तिथे समुद्राला लागून रेल्वे जाते. पहिल्या रात्री रबरी होड्या ओढायच्या मोटारीच्या नावेचं इंजिन बिघडलं, त्यातच शत्रूची गस्तीची होडी दिसली. परत फिरले. एक-दोन ऑक्टोबरच्या रात्री पुन्हा गेले, किनाऱ्यावर उतरले, रेल्वेमार्गावर सुरुंग पेरले आणि पहाटेपूर्वी परत आले. एक तरुण मरीन मारला गेला. त्याचं प्रेत मागे न सोडता त्यांनी पाणबुडीवर आणलं आणि समुद्रातच त्याला दफन केलं. 'पर्च'चे कॅप्टन रॉबर्ट क्विन यांना याबद्दल पदक मिळालं. त्या सगळ्या युद्धात लढाईसाठीचं पदक मिळालेले ते एकटेच पाणबुडी-कप्तान.

मरीन दलाने १९५४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅम्प पेंडलटन इथे एक प्रायोगिक तुकडी काढली, आणि तिच्यातूनच १९५७ मध्ये मेजर ब्रूस मायर्स यांच्या हाताखाली टेहळणीची खास कंपनी उभी राहिली. विमानातून उडी मारून जायचं आणि पाणबुडीतून पोहून जायचं, या दोन्ही वाटा तिला शिकायच्या होत्या. हवेच्या वाटेबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. मी पाण्याची वाट सांगतो.

पाणबुडी पाण्यावर न येता माणूस तिच्यातून बाहेर कसा पडतो? पाणबुडीच्या पुढच्या भागात छतापाशी एक लहानशी उभी कोठडी असते. ती मुळात बुडालेल्या पाणबुडीतून सुटण्यासाठी. खालून तिला एक झाकण, बाजूला समुद्रात उघडणारं एक दार. दोघे-तिघे जण सामानासकट आत चढतात, अंगाला अंग लागतं. खालचं झाकण बंद होतं. मग कोठडीत समुद्राचं पाणी सोडतात. ते घोट्याला, गुडघ्याला, कमरेला, छातीला लागतं. डोक्यापाशी हवेचा एक कप्पा राहतो. आता दाबाची हवा सोडायची. कान दुखू लागतात, नाक चिमटीत धरून फुंकर मारावी लागते. आतला दाब आणि बाहेरचा दाब सारखा झाला की दार हलक्या हाताने उघडतं. सारखा झाला नाही तर ते उघडणारच नाही. दहा मीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरवर एक किलो जादा भार असतो. अडीच फूट व्यासाचं दार धरलं तर साडेचार टन भरतात. शाळेत विज्ञानाच्या बाईंनी हे शिकवलं होतं. तेव्हा साडेचार टन म्हणजे कुणाच्या छातीसमोर उभे असतात, हे मात्र डोळ्यांसमोर आलं नव्हतं.

दाराबाहेर अंधार. पाणबुडी पूर्ण थांबत नाही, कारण थांबली की तिला खोली धरून राहणं कठीण. म्हणून ती पावलाच्या गतीने सरकत असते आणि पाणी माणसाला मागे ढकलत असतं. दारापासून वर दोरी बांधलेली असते. ती सोडायची नाही. आणि वर जाताना श्वास रोखायचा नाही. नवख्याला हेच सगळ्यात अवघड जातं, कारण पाण्यात श्वास रोखायचा हे आपण जन्मापासून शिकलेलो. दहा मीटरवर दाब दुप्पट असतो. तिथे छातीत भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. ती सोडली नाही तर फुप्फुस फाटतं. म्हणून वर येताना सतत हवा सोडत राहायची, कंठातून आवाज काढत. ऑक्टोबर १९५९ मध्ये जॉर्ज बाँड हे आरमाराचे डॉक्टर आणि सिरिल टकफील्ड हे त्यांचे सहकारी 'आर्चरफिश' या पाणबुडीतून ३०२ फूट खोलीवरून असे बाहेर पडले आणि ५२ सेकंदांत वर आले, दोघेही धडधाकट. करता येतं हे दाखवायला डॉक्टर स्वतः गेला, हे मला फार आवडलं.

श्वासाचीही एक अडचण. साध्या उपकरणाने श्वास घेतला तर बुडबुडे वर येतात, शांत पाण्यात ते दिसतात. बुडबुडे न सोडणारं उपकरण शुद्ध प्राणवायूवर चालतं, आणि तोच प्राणवायू जरा खोल गेलं की विषासारखा अंगावर येतो; झटके येतात, शुद्ध जाते. म्हणजे दिसायचं नसेल तर खोल जायचं नाही, आणि खोल जायचं असेल तर दिसायची तयारी ठेवायची.

दुसरी पद्धत होड्यांची. पाणबुडी पाठ जेमतेम वर काढते, रबरी होड्या पाठीवर ठेवून फुगवतात, माणसं आत बसतात आणि मग पाणबुडीच खालून निघून जाते. होडी आपोआप पाण्यावर राहते. एवढंच नव्हे, होडीची दोरी पेरिस्कोपला अडकवतात आणि पाणबुडी खालून चालत होड्यांची माळ किनाऱ्याकडे ओढत नेते. वर बघणाऱ्याला काळोखात काही होड्या कुणी न वल्हवता सरकताना दिसतील. परत येताना दोन होड्यांमध्ये एक लांब दोरी ताणून धरायची, पाणबुडी येऊन ती आपल्या पेरिस्कोपवर झेलते. समुद्रात सुईत दोरा ओवण्यासारखं हे काम. लाटा असल्या, प्रवाह असला की चुकतं, पुन्हा फेरी. म्हणून तर सराव. वर्षानुवर्षं, थंड पाण्यात, रात्री.

आणि किनाऱ्यापाशी काय करायचं? मामूंचंच काम. साडेतीन वाव खोलीपासून भरतीच्या रेषेपर्यंतचं पाणी मोजायचं. अमेरिकी आरमाराच्या पथकांना नेमून दिलेली हद्दच ती होती, साडेतीन वाव. एका दोरीला धरून माणसं ठराविक अंतरावर ओळीने पोहतात. प्रत्येकाकडे शिशाचं वजन बांधलेली दोरी, मनगटाला किंवा गळ्यात पाटी आणि पेन्सिल. खोली लिहायची. तळ वाळूचा की खडपाचा, पाण्यात खांब-तारा आहेत का, लाट किती उंच फुटते, पुळणीवरून वर जायला वाट आहे का, हे सगळं टिपायचं. बंदूक चालवायची नाही. एक गोळी सुटली की किनाऱ्याला कळलं आणि मोजणीचा उपयोग संपला. परत पाणबुडीवर आल्यावर ओल्या पाट्यांवरून रात्रीच नकाशा काढतात. हे वाचताना मला माझी ती शाळेची वही आठवली, बोटांच्या चरबीचे डाग पडलेली.

'पर्च' पुढे व्हिएतनामच्या किनाऱ्यावरही अशीच कामं करत होती. मग १९६९ मध्ये 'ग्रेबॅक' आली. मूळची क्षेपणास्त्रं वाहणारी पाणबुडी. नाकाशी क्षेपणास्त्रांच्या दोन मोठ्या कोठ्या होत्या, त्या पोहणाऱ्यांना आणि त्यांच्या छोट्या पाण्याखालच्या वाहनांना मिळाल्या. आता दोघांनी कोठडीत कोंबून घ्यायची गरज नव्हती. अख्खी कोठी पाण्याने भरायची आणि वाहनासकट बाहेर पडायचं.

जून १९७२ मध्ये 'ग्रेबॅक'ला उत्तर व्हिएतनामच्या लाल नदीच्या मुखापाशी पाठवलं. हनोईच्या तुरुंगातून काही अमेरिकी युद्धकैदी पळून नदीवाटे समुद्राकडे येतील, अशी खबर होती. त्यांना उचलायचं. लेफ्टनंट मेल्विन स्पेन्स ड्राय आपले साथीदार घेऊन आधी टेहळणीला निघाले. प्रवाह अपेक्षेहून जोरात होता. वाहन वाट चुकलं, बॅटरी संपली. माणसं पोहत राहिली. सकाळी हेलिकॉप्टरने त्यांना उचलून एका युद्धनौकेवर नेलं. पुढल्या एका रात्री त्यांना हेलिकॉप्टरमधून पाणबुडीपाशी पाण्यात सोडायचं होतं. अंधारात उंचीचा आणि वेगाचा अंदाज चुकला. उडी मारताच ड्राय गेले. कैद्यांचा पळून जाण्याचा बेतही मुळात रद्दच झाला होता. कामगिरी गुप्त असल्याने वर्षानुवर्षं त्याबद्दल उघड बोलता येत नव्हतं. त्यांचे वडील आरमारातले निवृत्त कॅप्टन. मुलाला शौर्याचं पदक मिळालं ते २००८ मध्ये, मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी.

ही युद्धातली गोष्ट. सरावातली याहून कठीण वाटते. १६ जानेवारी १९८२, फिलिपाइन्सजवळ. 'ग्रेबॅक'वर रात्रीचा सराव चालला होता. पाच जण पोहून सुखरूप परत आले, कोठीत शिरले, बाहेरचं दार लागलं. आता फक्त पाणी उपसायचं बाकी. पाणी बाहेर जाऊ लागलं, पण त्या जागी हवा आत येण्याची वाट बंद राहिली होती. एक झडप. पाणी कमी होत गेलं तशी आतली हवा विरळ होत गेली. पाचही जण बेशुद्ध झाले आणि मेले. समुद्रातून परत आलेली माणसं घराच्या ओसरीवर गेली, असं हे.

शीतयुद्धाच्या दुसऱ्या बाजूला सोव्हिएत पद्धत वेगळी. त्यांचे पोहणारे सैनिक टॉर्पेडोच्या नळीतूनच बाहेर पडत. नळीचा व्यास ५३३ मिलिमीटर. ती नळी आपल्याला आपल्या देशात बघायला मिळते. भारताने साठच्या दशकाअखेर सोव्हिएत युनियनकडून 'फॉक्सट्रॉट' जातीच्या पाणबुड्या घेतल्या. पहिली 'कलवरी' १९६७ मध्ये नौदलात आली. तिची बहीण 'कुरसुरा' १९६९ ते २००१ सेवेत होती आणि २००२ पासून विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर वाळूत उभी आहे, संग्रहालय होऊन. आम्ही नवरा-बायको गेलो होतो. आत माहिती देणारे बहुतेक नौदलातले निवृत्त लोक. पुढच्या खोलीत टॉर्पेडोच्या नळ्यांची गोल दारं आहेत. मी खिशातला रुमाल पसरून एका दाराची रुंदी मोजली आणि तोच रुमाल माझ्या खांद्यांवर लावून पाहिला. बायको म्हणाली, "तुम्ही मावणार नाही." माहिती देणारे गृहस्थ हसले. म्हणाले, "साब, हात पुढे ताणले की खांदे लहान होतात. माणूस घाबरला तर मात्र मोठे होतात."

बाहेर आल्यावर ते समुद्राकडे बोट दाखवून म्हणाले, त्या बाजूला 'गाझी' आहे. डिसेंबर १९७१ च्या तीन-चार तारखेच्या रात्री नव्वदहून अधिक माणसांसह बुडालेली पाकिस्तानी पाणबुडी. आपल्याकडे म्हणतात 'राजपूत' विनाशिकेने बुडवली, तिकडे म्हणतात आतल्याच स्फोटाने गेली. मूळची ती अमेरिकी 'डायाब्लो', 'पर्च'च्याच घराण्यातली, युद्धानंतर उरलेल्या पाणबुड्यांपैकी; १९६४ मध्ये पाकिस्तानात पोहोचली. एक वाळूत, दुसरी पाण्यात, समोरासमोर. मी मनातल्या मनात फातिहा वाचला. बायकोने कुणासाठी म्हणून विचारलं नाही.

आपल्या नौदलाने १९८७ मध्ये मार्कोस हे कमांडो दल उभारलं. माझगाव गोदीत बांधलेल्या नव्या कलवरी वर्गातल्या सहा पाणबुड्यांपैकी पहिली डिसेंबर २०१७ मध्ये आणि शेवटची 'वागशीर' जानेवारी २०२५ मध्ये नौदलात आली. त्यांतल्या एकीचं नाव 'खांदेरी', अलिबागसमोरच्या जलदुर्गावरून ठेवलेलं. 'वागीर' जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत दाखल झाली तेव्हा तिच्या कामांच्या यादीत कमांडोंना नेऊन सोडणं हेही सांगितलं गेलं होतं. ते कसं करतात, हे अर्थात कुणी सांगत नाही, सांगूही नये. पण बुडालेल्या पाणबुडीतून सुटण्याच्या सरावासाठी विशाखापट्टणमच्या 'सातवाहन' केंद्रात सप्टेंबर २०२४ मध्ये 'विनेत्र' नावाची सोय सुरू झाली. तिच्यात एक मनोरा आहे आणि तळाशी पाणी आहे. पाण्यात उतरायच्या वाटेची सुरुवात अजून तिथूनच होते: अंधार, कानातली कळ, आणि श्वास सोडत राहणं.

मामू जाऊन बरीच वर्षं झाली. मोजायची दोरी माझ्याकडे आहे, शिशाचा गोळाही. या भाषणाच्या तयारीत मी ती माळ्यावरून काढली. मुलगी मीटरची टेप घेऊन बसली. आमचा ठोकताळा सहा फुटांचा. दोन गाठींमधलं अंतर भरलं पाच फूट दोन इंच. तिला वाटलं दोरी आटली असेल. मी म्हटलं, नाही. मामू ठेंगणे होते, त्यांची वाव तेवढीच होती. ती म्हणाली, "मग त्यांची सगळी मोजणी चुकली की!" पण मचव्याला किती पाणी लागतं, तेही त्यांनी याच दोरीने मोजलेलं होतं.